महाल

महाल : राजवाडा, प्रशस्त दालन, तसेच तालुक्याहून लहान महसुली विभाग. मूळ अरबी शब्द ‘महल्ल’, धातू ह–ल–ल. गाठ सोडणे हा धातूचा अर्थ. त्यावरून जनावरावरचे ओझे सोडून मुक्काम करणे. महल्ल म्हणजे उतरण्याची जागा. राजनिवास हा अर्थ मागाहून फार्सीच्या वाटेने रूढ झालेला दिसतो. ‘मोहल्ला’ आणि ‘हलाल’ (बंधनातून सुटलेले, म्हणून विहित) याच धातूचे. ‘महसूल’ मात्र ह–स–ल या निराळ्या धातूपासून आला. महालात महसूल गोळा होई, म्हणून दोहोंची गल्लत होते.

संस्कृत ‘महालय’पासून (महा + आलय) महाल झाला, असेही एक मत आहे. ते स्वीकारणे कठीण. दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठीत सहसा ‘ळ’ होतो (फल–फळ, काल–काळ). महालयाचेही तेच झाले, पण त्यातून निघाला तो ‘म्हाळ’ : भाद्रपदाच्या वद्य पक्षात कोकणातल्या घरी पितरांसाठी वडे नि खिरीचे पान वाढतात, तो. उलट फार्सीमार्गे आलेल्या माल, दलाल, सवाल यांत ‘ल’ शाबूत आहे. महाल त्यांच्याच पंक्तीतला. प्रश्न उरतो दीर्घ ‘हा’चा, कारण अरबी एकवचनात हे अक्षर ऱ्हस्व आहे. दीर्घ ‘हा’ असलेले अरबी अनेकवचन (‘महाल्ल’) दफ्तरी फार्सीत एकवचनासारखे चालू लागले आणि तेच मराठीने उचलले, हे स्पष्टीकरण महसुली अर्थापुरते तरी अधिक सयुक्तिक वाटते. राजवाडा या अर्थी ‘महा’च्या भासाने दीर्घत्वाला बळ मिळाले असावे.

मराठेशाहीतल्या ‘अठरा कारखाने, बारा महाल’ या जोडीत महाल म्हणजे खाते. टांकसाळ, पागा, इमारत ही त्यांतली काही.

कोकणपट्टीत राजनिवासाला हा शब्द क्वचितच लागतो. सावंतवाडीला मोती तलावाकाठी राजवाडाच आहे. रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी १९१० च्या सुमारास बांधलेली वास्तूही थिबा राजवाडा किंवा थिबा पॅलेस म्हणूनच ओळखली जाते. महाल टिकला तो दफ्तरात. तालुक्याला मामलेदार, तसा महालाला महालकरी. मंडणगड, पोलादपूर, म्हसळे असे लहान विभाग पेटा किंवा महाल म्हणून नोंदले जात. पुढे ते तालुके झाले. बोलीत त्याच धातूचा ‘मोहल्ला’ अधिक ऐकू येतो : खाडीकाठच्या गावांत वाडी हिंदूंची, मोहल्ला मुसलमानांचा.