मोटारीचं ऑटो आणि रात्री दोनचं काम

आमच्या यवतमाळकडे शेतीची थ्री फेज लाईन पाळीपाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. थंडीत हरभऱ्याच्या ओलितासाठी मध्यरात्री वावरात जायला नको म्हणून बरेच जण स्टार्टरला ऑटो लावतात. लाईन आली की मोटार आपसूक सुरू. पण सुरू होताना मोटार साधारण ५ ते ७ पट करंट ओढते. एका डीपीवरच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठल्या, तर डीपी जळू शकते आणि ऐन हंगामात ओलीत खोळंबतं.

संगणकाला वेळ लावून दिलेली कामं समजून घ्यायला मला याहून चांगला दाखला सापडलेला नाही.

माझ्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स आहे. रोज रात्री २ वाजता पर्जन्यमापकाच्या नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते. अशा कामांसाठी युनिक्सच्या जगात (लिनक्सही त्याच घराण्यातलं) १९७०च्या दशकापासून क्रॉन नावाचं साधन आहे. मिनिट, तास, तारीख, महिना, वार असे ५ रकाने भरायचे आणि पुढे काम लिहायचं. सोपं आहे, पण दोन ठिकाणी फसायला होतं. २ वाजता लाईन गेलेली असेल, तर त्या दिवसाचं काम बुडालं. आणि तारखेत १, वारात सोमवार लिहिलं, तर १ तारखेला सोमवार आला तरच काम होईल असं वाटतं. प्रत्यक्षात ते दर १ तारखेलाही होतं आणि दर सोमवारीही.

२०१०मध्ये सिस्टमडी आलं. लिनक्सवरची कामं सुरू करणारी आणि सांभाळणारी ही व्यवस्था. तिच्यात काय करायचं ते ‘सर्व्हिस’च्या फाइलीत असतं, कधी करायचं ते ‘टायमर’च्या. टायमरला ‘पर्सिस्टंट’ लावलं की मागचं काम कधी झालं याची नोंद डिस्कवर राहते आणि यंत्र सुरू होताच बुडालेलं काम उरकलं जातं. चार रात्री बुडाल्या असल्या तरी एकदाच. हे झालं ऑटो. मग डीपीचं काय? अशी दहा कामं एकदम उठली, तर जुन्या डिस्कचा जीव गुदमरतो. त्यासाठी ‘रँडमाइझ्ड डिले’ आहे: ठरवलेल्या मर्यादेत प्रत्येक काम कमीजास्त उशिराने सुरू होतं. काही मोटारींच्या ऑटोमध्येही असा विलंब लावता येतो. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी तो ठरवून वेगवेगळा लावावा, असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं ठिकठिकाणी हाताने लिहिलं, तर सहा महिन्यांनी आपलं आपल्यालाच सापडत नाही. म्हणून मी होम मॅनेजर वापरतो. निक्स या सॉफ्टवेअर बांधणाऱ्या आणि बसवणाऱ्या प्रणालीवर उभं असलेलं हे साधन वापरकर्त्याची सगळी मांडणी लिहून ठेवलेल्या मजकुरातून घडवतं. मी एका कामाला एक फाइल ठेवतो. सर्व्हिस आणि टायमर तिथेच शेजारी. मांडणी लागू न करता नुसती बांधून पाहता येते, तयार झालेली टायमर फाइल उघडून वाचता येते. वेळेचा मजकूर सिस्टमडीलाच विचारला, तर पुढची पाळी कधीची ते तारखेसकट कळतं. सर्व्हिस वेगळी असल्यामुळे रात्रीची वाट न पाहता हाताने चालवता येते.

एवढं करूनही लाईन जाण्याची परीक्षा उरतेच. वेळ दुपारी २ची केली, १:५०ला मेन स्विच पाडला, अडीचला यंत्र सुरू केलं आणि लॉगिन न करता तसंच ठेवलं. पाऊण तास काहीच झालं नाही. वापरकर्त्याचे टायमर तो लॉगिन असेपर्यंतच चालतात. रात्री लाईन परत येते तेव्हा लॉगिन करायला कोण जागं असतं? त्यासाठी ‘लिंगर’ वेगळं चालू करावं लागतं, म्हणजे यंत्राबरोबर त्या वापरकर्त्याची कामंही उठतात. ते लावलं आणि दुसऱ्या दिवशी तीच परीक्षा पुन्हा घेतली. प्रत पूर्ण झाल्याची नोंद सापडली, वेळ २:४१.