नदीची धार, समुद्राची ओढ: लेकरं पाण्यात उतरवण्याआधी

दिवाळीच्या सुट्टीत विदर्भातल्या खेड्यांतून गाड्या कोकणात जातात. पाण्याचा मोठ्यांचा अंदाज वर्धा, पैनगंगा, वैनगंगेच्या काठी तयार झालेला असतो. समुद्रावर नेमका तोच चुकतो.

नदीची धार एकाच दिशेला, खाली वाहते. तिथे खरी भीती तळाची असते. रेती उपसलेल्या ठिकाणी घोट्याएवढ्या पाण्यातून लेकराचं पुढचं पाऊल थेट डोहात पडू शकतं. वरच्या धरणातून पाणी सोडलं, तर कोरड्या आभाळाखालीही पात्र भरतं.

समुद्र मात्र पुढेमागे होतो. लाट येताना ढकलते, परतताना पायाखालची रेती ओढून नेते. लेकराच्या गुडघ्याएवढं पाणीही त्याला पाडायला पुरतं आणि ते उठायच्या आत दुसरी लाट येते. म्हणून त्याचा हात धरूनच उभं राहावं आणि समुद्राकडे पाठ करू नये.

सर्वात फसवी जागा म्हणजे शांत पट्टा. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटतात, मधलं पाणी संथ दिसतं, आणि लोक नेमके तिथेच लेकरं उतरवतात. किनाऱ्यावर आलेलं पाणी बहुतेकदा अशाच वाटेने परत आत जातं. तिथला रंग गडद किंवा गढूळ असतो, फेस आणि कचरा आत सरकताना दिसतो. उतरण्याआधी दहा मिनिटं उंचावरून पाहावं. जीवरक्षक असेल तर त्यालाच जागा विचारावी.

सापडलात तर नदीत धारेसोबत तिरपं काठाकडे यायचं. समुद्रात किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडायचं, मग लाटांसोबत परतायचं. ही ओढ खाली खेचत नाही, उलट पोहणाऱ्याला दमवते. लहान लेकराला हे जमणार नाही, म्हणून त्याला तिथे नेऊच नये.

भरती-ओहोटीत साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं आणि वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. ओहोटीत खडकांवर गेलेल्यांची परतीची वाट भरतीत बुडते.

हवेची ट्यूब म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. पहाटे-सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि ट्यूबसकट लेकरू आत नेतात. जॅकेट वजनाप्रमाणे घ्यावं, लहानग्यांसाठी पायांमधून जाणारा पट्टा असलेलं. खांद्याला धरून वर उचललं तर ते हनुवटीपर्यंत सरकता कामा नये.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर मात्र नदी काय, समुद्र काय, उपचार एकच. उलटं टांगणं, पोट दाबणं, गरगर फिरवणं यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी श्वासनलिकेत शिरतं. श्वास नसेल तर लगेच तोंडाने पाच श्वास द्यावेत. वर्षाच्या आतल्या बाळाचं नाक-तोंड दोन्ही आपल्या तोंडात धरून. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मध्यभागी 30 दाब, मग 2 श्वास, असं चालू ठेवावं. दुसऱ्याने तोवर 112 लावावा. लेकरू शुद्धीवर आलं, रडू लागलं, तरी त्याला दवाखान्यात न्यावंच. फुप्फुसात पाणी गेलं असेल तर श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.