दुसरा डाव कुणाच्या वाट्याला? जुन्या चित्रपटांच्या रिमेकची पार्श्वभूमी

माळी बागेला पाणी घालतोय. एक पोरगा मागून नळीवर पाय देतो, पाणी थांबतं. माळी नळीचं तोंड डोळ्यांसमोर धरून बघतो, पोरगा पाय उचलतो आणि माळी चिंब. सिनेमाच्या आद्य फ्रेंच प्रवर्तकांपैकी एक असलेल्या लुई ल्युमिएरचा हा चिमुकला विनोदपट १८९५ सालचा. पुढच्याच वर्षी जॉर्ज मेलिएस या दुसऱ्या फ्रेंच चित्रपटकाराने हाच प्रसंग स्वतःच्या कॅमेऱ्यावर घेतला. परवानगी मागावी लागते, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचा आपला प्रसिद्ध चित्रपट तर ल्युमिएर मंडळींनी स्वतःच तीनदा चित्रित केला. सिनेमा जेमतेम रांगायला लागला होता, तेव्हापासून रिमेक आहे.

त्या काळी त्यामागे साधी व्यावहारिक गरज असे. एकाच निगेटिव्हवरून प्रती काढत गेलं की ती झिजायची, आणि मागणी टिकून असेल तर तोच प्रसंग पुन्हा उभा करणं सोपं पडायचं. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पडद्यावर आणलेला हरिश्चंद्र १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केला. पुढे १९३२ साली 'प्रभात' चित्रपट कंपनीने बोलपटात पाऊल टाकलं तेही त्याच राजाला घेऊन, 'अयोध्येचा राजा'मधून.

परवानगीचा प्रश्न निकालात निघाला तो अमेरिकेत. कालेम कंपनीने १९०७ मध्ये ल्यू वॉलेसच्या 'बेन-हर' कादंबरीवर एका रिळाचा चित्रपट बनवला, अर्थात कुणालाही न विचारता. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९११ मध्ये निकाल लागला की कादंबरी पडद्यावर आणायची तर हक्क घ्यावेच लागतील. कथेला बाजारात स्वतंत्र किंमत आली ती या खटल्यामुळे. हक्क एकदा घेतले की तेच सोनं पुन्हा पुन्हा वितळवता येतं, हे स्टुडिओंना कळायला वेळ लागला नाही.

मग सिनेमा बोलू लागला आणि मूकपटांचं अख्खं गाठोडं एका रात्रीत जुनं झालं. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' हे त्याचं आपलं उदाहरण. हरि नारायण आपट्यांच्या कथेवरचा हा मूकपट १९२५ चा. कर्जापायी जमीन गमावणाऱ्या तरुण शेतकऱ्याचं काम त्यात व्ही. शांतारामांनी केलं होतं. पौराणिक चमत्कारांनी भरलेल्या पडद्यावर असा उघडावाघडा वास्तववाद तेव्हा कुणी पाहिला नव्हता. १९३६ मध्ये पेंटरांनी तो स्वतःच बोलपट म्हणून पुन्हा केला. मूळ मूकपट आज आपल्याला बघता येत नाही, त्याच्याबद्दल फक्त वाचायचं. रिमेकबद्दल बोलताना मला सगळ्यात आधी आठवतो तो हाच.

हॉलिवूडच्या इतिहासात मात्र याहून कडू एक प्रकरण आहे. नवा चित्रपट काढताना जुन्याचे हक्क विकत घ्यायचे आणि त्याच्या प्रती बाजारातून गायब करायच्या. एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओने १९४४ मध्ये 'गॅसलाइट' बनवला तेव्हा १९४० च्या मूळ ब्रिटिश चित्रपटाची निगेटिव्ह आणि प्रती नष्ट करायचा प्रयत्न केला. तुलना करायला कुणी उरूच नये, एवढाच हिशेब. सुदैवाने तो फसला आणि आज दोन्ही चित्रपट बघायला मिळतात. 'नोस्फेराटू'ची तऱ्हा वेगळी. 'ड्रॅक्युला' कादंबरीचे हक्क न घेता काढलेल्या या १९२२ च्या जर्मन चित्रपटाच्या सगळ्या प्रती नष्ट करा, असं न्यायालयानेच सांगितलं होतं. काही प्रती वाचल्या, आणि त्याच चित्रपटाचे पुढे १९७९ आणि २०२४ मध्ये रिमेक झाले.

रिमेक कुणाचा व्हावा, असं विचारलं की लोक आपल्या लाडक्या चित्रपटाचं नाव घेतात. इतिहास बघितला तर दुसरा डाव जास्त वेळा फळला आहे तो पहिल्या डावात हरलेल्यांना. 'माल्टीज फाल्कन' ही कादंबरी १९३१ आणि १९३६ मध्ये पडद्यावर येऊन गेली होती. आज सगळ्यांना आठवतो तो जॉन ह्यूस्टनचा १९४१ चा, म्हणजे तिसरा प्रयत्न. गुलजारांनी लिहिलेला 'दो दूनी चार' १९६८ मध्ये पडला. तीच जुळ्यांची गंमत त्यांनी १९८२ मध्ये स्वतः दिग्दर्शित केली आणि 'अंगूर' झाला. 'अशी ही बनवाबनवी'चा रिमेक करा म्हणणारे (आणि करू नका म्हणून अंगावर येणारे) खूप भेटतात. पण १९८८ चा तो चित्रपट स्वतःच हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वर बेतलेला होता, आणि मूळ चित्रपट आज कितीजणांनी पाहिलाय?

गाजलेल्या चित्रपटाला हात घालून जिंकलेलेही आहेत. १९२५ च्या 'बेन-हर'मधल्या रथांच्या शर्यतीच्या वेळी विल्यम वायलर अनेक सहायकांपैकी एक होता. १९५९ मध्ये त्यानेच तो नव्याने दिग्दर्शित केला आणि ११ ऑस्कर मिळवले. दिग्दर्शक प्रमथेश बरुआंच्या आधीच्या 'देवदास'वर छायालेखक म्हणून काम केलेल्या बिमल रॉय यांनी १९५५ मध्ये आपला 'देवदास' केला. मेहबूब खानने १९४० च्या आपल्याच 'औरत'मधून १९५७ चा 'मदर इंडिया' घडवला. तिघांनीही आधीचा चित्रपट आतून पाहिला होता. २०१६ मध्ये 'बेन-हर' पुन्हा आला आणि सपशेल आपटला.

हक्कांचा गुंता अजूनही सुटलेला नाही. भारतीय कायद्यात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो, तर कथा-कादंबरीवरचा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे जुना चित्रपट मोकळा झाला तरी त्यातली कथा कुलूपबंद असू शकते. 'देवदास' कादंबरी लिहिणाऱ्या शरच्चंद्रांचं निधन १९३८ मधलं, म्हणून २००२ चा 'देवदास' निघाला तेव्हा कादंबरीसाठी कुणाचं दार ठोठावायची गरज उरली नव्हती.

सीक्वेलचं गणित निराळं, कारण त्याला प्रेक्षकाची आठवण लागते. १९३३ मध्ये 'किंग काँग' चालताच त्याच वर्षी 'सन ऑफ काँग' उरकला गेला, तो लोक विसरायच्या आत. व्हिडिओ कॅसेट घरात आली आणि ही घाई संपली. १९८२ मध्ये तिकीटबारीवर फारसा न चाललेला 'ब्लेड रनर' लोकांनी घरी पुन्हा पुन्हा बघितला, म्हणूनच ३५ वर्षांनी त्याचा पुढचा भाग काढायचं धाडस झालं.

नट मात्र तेवढं थांबू शकत नाही. 'झपाटलेला'चा दुसरा भाग २० वर्षांनी, २०१३ मध्ये आला, तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे नव्हते. पॉल न्यूमनला तेवढी संधी मिळाली. 'द हसलर'मधला बिलियर्ड्स खेळणारा एडी त्याने १९६१ मध्ये केला होता. २५ वर्षांनी 'द कलर ऑफ मनी'मध्ये तोच एडी पुन्हा टेबलापाशी आला, केस पांढरे झालेले आणि त्यासाठी मेकअपची गरज नसलेला. त्या कामासाठी न्यूमनला ऑस्कर मिळालं.