पन्नास टक्के दोन्हीकडे, तरी पेन्शन सारखी नाही: जुनी पेन्शन आणि युपीएस

२४ ऑगस्ट २०२४ ला केंद्र सरकारने युनिफाइड पेन्शन स्कीम, म्हणजे युपीएस, मंजूर केली आणि १ एप्रिल २०२५ पासून ती लागू झाली. तेव्हापासून रेल्वेतले कित्येक जण "जुनी पेन्शनच परत मिळाली" असं समजून चाललेत (ही जुनी पेन्शन १ जानेवारी २००४ पासून नव्याने लागणाऱ्यांना बंद झाली होती). दोन्हीकडे मूळ पगाराच्या ५० टक्के आणि वर महागाईवाढ आहे, त्यामुळे असा समज होणं स्वाभाविक आहे. पण ते ५० टक्के पदरात पडायच्या अटी फार वेगळ्या आहेत.

जुन्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा पुरते. शेवटचा मूळ पगार किंवा शेवटच्या दहा महिन्यांची सरासरी, यांतलं जे फायद्याचं त्याच्या निम्मे मिळतात आणि त्यासाठी पगारातून कपात होत नाही. युपीएसमध्ये मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के रक्कम दरमहा कापली जाते. सरासरी शेवटच्या बारा महिन्यांची धरतात आणि पूर्ण ५० टक्क्यांसाठी २५ वर्षं, म्हणजे ३०० महिने भरावे लागतात. दहा वर्षं झाली की किमान १०,००० रुपयांची हमी आहे. पण २५ वर्षांपेक्षा सेवा कमी असेल, तर पेन्शन त्या प्रमाणात घटते.

रेल्वेतली भरती रखडते आणि पदं रिक्त राहतात, तो प्रश्न पेन्शनमध्ये शिरतो तो इथेच. रेल्वेच्या लेव्हल-१ ची, म्हणजे सगळ्यांत खालच्या वेतनश्रेणीची, १,०३,७६९ पदांची जाहिरात २०१९ ला निघाली आणि परीक्षा ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली. कमाल वय ३३ होतं, अनुसूचित जाती-जमातींना आणखी ५ वर्षांची सवलत. ३८ व्या वर्षी अर्ज भरलेला ट्रॅकमेंटेनर, म्हणजे रुळांची देखभाल करणारा कामगार, रुळावर उतरेपर्यंत ४२ चा झाला असेल, तर साठीपर्यंत त्याच्या हाती १८ वर्षं उरतात. शेवटची सरासरी ४०,००० धरू. जुन्या नियमाने २०,००० बसले असते. युपीएसमध्ये २०,००० × २१६ ÷ ३००, म्हणजे १४,४००. दरमहा ५,६०० रुपयांच्या या तुटीचा मोठा भाग भरती रखडल्यामुळे आला, आणि त्याच काळात त्याच्या गँगमधल्या, म्हणजे देखभालीच्या टोळीतल्या, उरलेल्यांनी कमी माणसांत रुळांची तेवढीच लांबी सांभाळली.

एकरकमी पैशाची गफलत याहून महागात पडते. जुन्या पेन्शनमध्ये ४० टक्क्यांपर्यंत कम्युटेशन करता येतं, म्हणजे पेन्शनचा तेवढा भाग आधीच एकरकमी घेता येतो, आणि १५ वर्षांनी कापलेली पेन्शन पुन्हा चालू होते. युपीएसमध्ये स्वतःच्या खात्यातला ६० टक्क्यांपर्यंतचा निधी काढता येतो, पण मासिक रक्कम त्या प्रमाणात कायमची खाली येते. ६० टक्के काढले की वरच्या माणसाचे १४,४०० चे ५,७६० होतात. मुलीच्या लग्नासाठी किंवा घरासाठी पैसे काढायच्या आधी हा हिशेब कागदावर मांडाच. सेवेच्या दर पूर्ण सहामाहीमागे मूळ पगार-महागाई भत्त्याचा दहावा हिस्सा निवृत्तीच्या वेळी एकरकमी मिळतो ती रक्कम वेगळी. तिने पेन्शन घटत नाही.

स्वेच्छानिवृत्तीतही असाच फरक आहे. जुन्या नियमांत २० वर्षांनंतर बाहेर पडलं की पेन्शन लगेच सुरू होते. युपीएसमध्ये आधी २५ वर्षं लागायची. सप्टेंबर २०२५ च्या नियमांनी ती २० झाली, पण २५ पेक्षा कमी वर्षांना पेन्शन त्या प्रमाणात घटते, आणि पैसे नियत वयोमानाच्या, म्हणजे साठीला निवृत्त व्हायच्या, तारखेपासूनच येतात. सततच्या जादा ड्यूटीने पाठ-गुडघे गेलेल्या माणसाने ५२ व्या वर्षी नोकरी सोडली, तर आठ वर्षं कशावर काढायची?

युपीएस घेतलेल्यांनी एक गोष्ट दरवर्षी करावी. प्रान खात्याचा, म्हणजे आपली पेन्शनची कपात जिथे जमा होते त्या खात्याचा, उतारा काढून बारा महिन्यांची कपात आणि सरकारचा वाटा जमा झालाय का, ते पगारपत्रकाशी ताडून पाहावं. आपला निधी बेंचमार्क निधीपेक्षा, म्हणजे सगळे हप्ते वेळेवर भरून ठरलेल्या पद्धतीने गुंतवले असते तर जमला असता त्या रकमेपेक्षा, कमी भरला, तर पेन्शनही त्या प्रमाणात कापली जाते. सुटलेला महिना निवृत्तीच्या तोंडावर शोधत बसणं फार जड जातं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये रेल्वे युनियननी जुन्या पेन्शनसाठी संपाचं मतदान घेतलं होतं. ती मागणी रास्तच आहे आणि ती सोडू नये. पण तिच्यासोबत एक छोटी, लगेच रेटता येईल अशी मागणी जोडायला हवी. ३ मार्च २०२३ च्या आदेशात केंद्राने २२ डिसेंबर २००३ पूर्वी जाहिरात निघालेल्या पदांवर नंतर रुजू झालेल्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय दिला. म्हणजे भरतीच्या विलंबाचा भुर्दंड कर्मचाऱ्यावर नको, हे सरकारने तिथे मान्य केलं. तोच न्याय युपीएसच्या ३०० महिन्यांनाही लावा आणि जाहिरात ते नेमणूक यांत गेलेली वर्षं सेवेत धरा, असं युनियननी लेखी मागावं.