कचरागाडीवाल्याची मुलगी

'घोस्ट इन द शेल' हा १९९५चा ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनपट, मी नुकताच पहिल्यांदा पाहिला. ॲनिमेशी तोवर माझी ओळखच नव्हती. मामोरू ओशी यांच्या या चित्रपटाबद्दल जे काही ऐकलं होतं, ते सगळं मोतोको कुसानागीबद्दल. मेंदू तेवढा माणसाचा आणि बाकी शरीर यंत्राचं, अशी ही अधिकारी. २०२९ सालचं, हाँगकाँगवर बेतलेलं शहर, पाट्यांची दाटी, पाऊस, केन्जी कावाईंच्या संगीतातलं अंगावर काटा आणणारं समूहगान, सगळंच आवडलं. पण मनात घर करून राहिला तो एक कचरागाडीवाला.

त्याचं काम जेमतेम काही मिनिटांचं. बायको घटस्फोट मागतेय, लेक दुरावलीय. बायकोच्या मनात काय चाललंय ते कळावं म्हणून तो कुणाच्या तरी सांगण्यावरून नेटवर्कमध्ये घुसखोरी करतो आणि पकडला जातो. चौकशीत त्याला कळतं की बायको नाही, मुलगीही नाही. तो कित्येक वर्षं एकटाच राहतोय. ज्या फोटोत त्याला लेकीचं हसू दिसायचं, त्यात तो स्वतः आणि त्याचा कुत्रा, एवढेच आहेत. कुणीतरी त्याच्या डोक्यात अख्खा संसार भरून ठेवला होता. या खोट्या आठवणी जातील का, असं तो विचारतो. उत्तर आशा वाटावी असं नसतं.

माझ्या मते विज्ञानाच्या सगळ्यात जवळ जाणारा प्रसंग हाच. आणि गंमत म्हणजे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांचा गाजलेला प्रयोगही १९९५मध्येच प्रसिद्ध झाला. त्यांनी २४ जणांना लहानपणीचे चार प्रसंग वाचायला दिले. तीन खरे, घरच्यांकडून विचारून घेतलेले. चौथा बनावट: पाचेक वर्षांचे असताना तुम्ही मोठ्या दुकानसंकुलात हरवलात, रडलात, एका वयस्क व्यक्तीने तुम्हाला घरच्यांपर्यंत पोहोचवलं. सुमारे एक चतुर्थांश लोकांना हा न घडलेला प्रसंग थोडाफार किंवा पूर्ण 'आठवला'. २०२३मध्ये जास्त लोकांना घेऊन हाच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास निघालं. चित्रपटात मेंदूला तार जोडावी लागते. इथे घरच्यांच्या हवाल्याने सांगितलेले चार शब्द पुरले.

असं का होतं? आठवण मेंदूत एका जागी जशीच्या तशी पडून नसते. प्रसंगाच्या वेळी चेतापेशींचे जे गट एकत्र जागे झाले, त्यांच्यातले दुवे घट्ट होतात, आणि आठवताना ते गट पुन्हा चेतवून प्रसंग नव्याने जुळवला जातो. त्या जुळवणीत नंतर ऐकलेलं, पाहिलेलं, कल्पिलेलंही मिसळतं. उंदरांवरच्या प्रयोगांत तर असंही दिसलंय की जागी झालेली आठवण काही काळ कच्ची असते आणि तिला पुन्हा पक्कं व्हावं लागतं.

प्रत्यक्ष पेशींना हात घालून खोटी आठवण रुजवण्याचं कामही झालंय, अर्थात उंदरांमध्ये. नोबेलविजेते जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांच्या एमआयटीतल्या प्रयोगशाळेने २०१३मध्ये ते प्रसिद्ध केलं. उंदराला आधी एका पेटीत सोडलं. तिथे त्याला काहीच त्रास दिला नाही. फक्त त्या वेळी हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागातल्या ज्या पेशी जाग्या झाल्या, त्यांच्यात प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन तयार होईल अशी जनुकीय तजवीज केली होती. मग वेगळ्याच पेटीत ठेवून, बारीक तंतूतून निळा प्रकाश सोडून पहिल्या पेटीची आठवण जागी केली आणि त्याच वेळी पायांना विजेचा सौम्य धक्का दिला. पुन्हा पहिल्या पेटीत आणल्यावर उंदीर भीतीने जागीच थिजला. तिथे त्याला धक्का कधीच बसला नव्हता.

माणसापर्यंत हे यायला फार वेळ आहे. मेंदूत इलेक्ट्रोड बसवून लकवा झालेल्या माणसाने पडद्यावरचा कर्सर हलवल्याचं २००६मध्येच प्रसिद्ध झालं, पण ती यंत्रणा हालचालीचे संकेत वाचते. बायको-मुलगी लिहून ठेवत नाही. धोका आजच्या चौकशीच्या खोलीत जास्त आहे. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष सुटलेल्या कैद्यांपैकी निम्म्याहून जास्त प्रकरणांत साक्षीदाराने चुकीच्या माणसाला ओळखलं होतं. त्यातले कित्येक साक्षीदार मनापासून खरं बोलत होते. म्हणून साक्षीदाराला प्रश्न कसा विचारला, पहिला जबाब कधी घेतला, याला एवढं महत्त्व द्यायलाच हवं.

राहिला कचरागाडीवाल्याचा प्रश्न. २०२१मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी आधी काही जणांच्या मनात बालपणीच्या खोट्या आठवणी रुजवल्या. मग त्यांना समजावलं की घरच्यांच्या गोष्टींतून किंवा फोटोंतूनही आठवण तयार होऊ शकते, आणि पुन्हापुन्हा आठवायला लावलं तर न घडलेलंही आठवू लागतं. एवढ्याने बहुतेक खोट्या आठवणी ओसरल्या. खऱ्या आठवणी मात्र बऱ्याच अंशी टिकून राहिल्या.