कुंपणाविना राखण

घुसखोर टिपायचा म्हटलं की आपल्याला आधी कॅमेरा आठवतो. 2003 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या अनिश अरोरा यांच्या गटाने फ्लोरिडातल्या मॅकडिल हवाई तळावर जी पहारेदारी मांडली, तिचा भर मात्र सुमारे 90 चिमुकल्या सेन्सरांवर होता. प्रत्येकाला 4 किलोबाइट मेमरी, एक छोटा रेडिओ आणि पेन्सिल सेलची जोडी. काहींवर चुंबकमापी, काहींवर हालचाल टिपणारं छोटं रडार.

एवढ्याशा मेंदूला माणूस कोणता आणि गाडी कोणती, हे कळणार कसं? या गटाची युक्ती मला फार आवडते. एकट्या सेन्सरने ओळखायचंच नाही. त्याने फक्त ‘मला जाणवलं’ एवढंच कळवायचं. मग एका क्षणी कितीजणांनी हात वर केला, ते मोजायचं. निःशस्त्र माणूस रडारला जाणवतो, चुंबकमापीला नाही. बंदूकधाऱ्याजवळच्या लोखंडामुळे आसपासचं चुंबकीय क्षेत्र किंचित विस्कटतं, तेव्हा मोजकेच चुंबकमापी बोलतात. गाडीतलं पोलाद पुष्कळ, त्यामुळे लांबलांबचे सेन्सरही एकदम जागे होतात.

खरी डोकेदुखी असते ती खोट्या इशाऱ्यांची. डिसेंबर 2004 मध्ये याच गटाने फ्लोरिडातच जवळपास हजार सेन्सरांचं जाळं पसरलं. आता हिशेब करून बघा: प्रत्येक सेन्सर दिवसातून एकदाच चुकला, तरी हजारांच्या जाळ्यात दर दीड मिनिटाला एक खोटा इशारा! अशा पहाऱ्यावरचा माणूस दुपारपर्यंत इशाऱ्यांकडे बघायचंच सोडून देईल. म्हणून शेजाऱ्यांनी दुजोरा दिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, असा नियम करतात. पण वारा हा नियम जुमानत नाही. उन्हाने तापलेलं गवत डोललं, की अवरक्त किरण टिपणारे शेजारीशेजारी बसलेले सेन्सर एकदमच फसतात. चुका जेव्हा अशा संगनमताने होतात, तेव्हा नुसती संख्या वाढवून भागत नाही.

दुसरी अडचण सेलची. असल्या यंत्रात रेडिओ हा मोठा खादाड. तो सतत चालू ठेवला तर सेल जेमतेम आठवडाभर पुरतात. मग झोपेच्या पाळ्या लावाव्या लागतात. 2005 मध्ये संतोष कुमार, टेन लाय आणि अरोरा यांनी मांडलेला ‘अडथळ्या’चा विचार इथे कामी येतो. सगळं रान झाकायची गरजच नाही. घुसखोर कुठूनही आला तरी त्याला एक सलग पट्टा ओलांडावाच लागेल, एवढं पुरे. असे चार पट्टे एकामागे एक टाकले, तर एक जागा आणि तीन झोपलेले, असं चालतं.

यातही एक फट आहे. आतला पट्टा जागा असताना घुसखोर झोपलेला बाहेरचा पट्टा ओलांडून मध्येच दबा धरून बसला आणि त्याच वेळी पाळी बदलून बाहेरचा जागा झाला, तर त्याला पुढे रान मोकळं! म्हणून आधी सर्वांत बाहेरचा पट्टा सेल संपेपर्यंत वापरायचा, मग त्याच्या आतला, आणि बाहेर परत फिरायचंच नाही.