पीसीवर फक्त एक्सबॉक्सचाच कंट्रोलर चालतो? नाही हो

कुणी कंट्रोलर घ्यायचं म्हटलं की लगेच सल्ला येतो, एक्सबॉक्सचाच घे, प्लेस्टेशनचा पीसीवर चालत नाही. हे खरं नाहीये, आणि घरात पीएस४ चा चांगला कंट्रोलर असताना लोक यापायी परत हजारो रुपये घालतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

समज आला कुठून तर मायक्रोसॉफ्टने २००५ च्या सुमारास एक्सबॉक्स ३६० सोबत एक्सइनपुट (कंट्रोलरचं बटण गेमपर्यंत पोचवायची विंडोजची पद्धत) आणलं, गेमवाले त्यालाच धरून गेम बनवायला लागले, आणि सोनीचा कंट्रोलर ती भाषा बोलत नाही, म्हणून विंडोजला तो दिसायचा पण गेमला कळायचा नाही. पण स्टीमने (पीसीवर गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं ॲप) २०१६ च्या शेवटी ड्युअलशॉक ४ ला, म्हणजे पीएस४ च्या कंट्रोलरला, आणि २०२० मध्ये ड्युअलसेन्सला, म्हणजे पीएस५ च्या कंट्रोलरला, सपोर्ट दिला, मधलं भाषांतर आता स्टीमच करतं. स्टीमबाहेर घेतलेला गेमसुद्धा स्टीममध्ये ॲड करून बऱ्याचदा चालतो, नाहीतर हेच भाषांतर करणारं डीएस४विंडोज हे वेगळं सॉफ्टवेअर आहेच.

अडचण एवढीच की बऱ्याच गेममध्ये स्क्रीनवर एक्सबॉक्सची ए-बी-एक्स-वाय बटणंच दिसतात, आणि ड्युअलसेन्सच्या ट्रिगरची (गेमप्रमाणे कडक-सैल होणाऱ्या मागच्या बटणांची) खास मजा बहुतेक वेळा केबल लावल्यावरच मिळते. काहीच सेटिंग नको असेल तर मात्र एक्सबॉक्सचा खुशाल घ्या.